मुलगा तुरुंगात असताना आईवडिलांनी काय करायचं आणि काय करायचं नाही

गावात कुणी विचारलं तर पहिले दोन महिने मी सांगायची, "पुण्याला कंपनीत लागलाय." आमचा मुलगा तेव्हा बीडच्या जिल्हा कारागृहात होता. वय २९. दारूच्या नशेत त्यानं गावातल्याच एका पोराच्या डोक्यात गज घातला होता. तो पोरगा वाचला, हे देवाचे माझ्यावरचे सगळ्यात मोठे उपकार. त्याची आई आणि मी एकाच बचत गटात होतो.

मी अंबाजोगाई तालुक्यात आरोग्य सेविका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली बाई. दुसऱ्याच्या घरी कसलाही प्रसंग आला तर मला सुचायचं, स्वतःच्या घरात मात्र हातपाय गळाले. पोलीस ठाणं, कोर्ट आणि तुरुंगाचं दार, तिन्ही ठिकाणी ठेचा खात जे कळलं ते इथं क्रमानं लिहिते. तुमचा मुलगा असो की मुलगी, पहिल्यांदा आत गेलेलं असो की चौथ्यांदा, यातलं बरंचसं लागू पडेल.

एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कोणतंही पाऊल उचलताना मी स्वतःला विचारते, हे काम माझं की त्याचं? त्याला कायद्यानं जे मिळायचं ते मिळतंय का, त्याची तब्येत धड आहे का, त्याला आपलं माणूस दिसतंय का, हे बघणं माझं काम. कोर्टापुढं उभं राहणं, केलेल्याची जबाबदारी घेणं आणि दारू सोडणं हे त्याचं. हा फरक कळेपर्यंत आठ महिने गेले आणि आमची एक एकर जमीनही गेली.

पहिले दोन दिवस

एक वही घ्या. कोणतं पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर काय, कोणती कलमं लावलीत, तपास अधिकारी कोण, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. त्या दिवसांत ऐकलेलं काही डोक्यात राहत नाही. मला कलम विचारलं की मी रडायला लागायची आणि वही पुढं करायची.

अटकेचं कारण सांगणं आणि घरच्या माणसाला कळवणं हे पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं उभं करावं लागतं. अटकेनंतर वैद्यकीय तपासणीही व्हायला हवी. एफआयआरची प्रत मिळण्याचा आरोपीला हक्क आहे. काही नाजूक गुन्हे वगळले तर ती पोलिसांच्या संकेतस्थळावरही मिळते. ठाण्यात आवाज चढवू नका, पायाही पडू नका. "साहेब, त्याला कोर्टात कधी नेणार?" एवढंच विचारा आणि ती वेळ वहीत लिहा.

आता जे सांगते ते नीट वाचा, कारण इथं जीव जाऊ शकतो. तुमचं लेकरू रोज दारू पिणारं असेल तर अटकेबरोबर दारू एकदम तुटते. मग हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या चार दिवसांत कधीही काहींना फिट येते, काहींना नसलेली माणसं दिसायला लागतात. बघणाऱ्याला वाटतं, नाटक करतोय. ते नाटक नसतं, आजार असतो, आणि त्यावर दवाखान्यातच उपचार होतात. म्हणून पहिल्याच दिवशी तपास अधिकाऱ्यांना लेखी द्या: हा इतकी वर्षं, रोज इतकी दारू पितो, याआधी फिट आली होती की नाही, कोणत्या गोळ्या चालू आहेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कोर्टात हजर करतात तेव्हा वकिलाकरवी न्यायाधीशांनाही सांगा. मिरगीच्या, शुगरच्या, मानसिक आजाराच्या गोळ्यांचंही तसंच. डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. आमचा दुसऱ्या रात्री असंबद्ध बोलायला लागला. अर्ज आधीच दिलेला होता म्हणून त्याला वेळेत दवाखान्यात नेलं.

पीसीआर आणि एमसीआर

कोर्टाच्या व्हरांड्यात हे दोन शब्द सतत कानावर पडतात. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी. तपासासाठी आरोपी पोलिसांच्या ताब्यात राहतो, आणि ती सगळी मिळून १५ दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, म्हणजेच तुरुंग. एमसीआर झाली की बायका हंबरडा फोडतात. मीही फोडला होता. पण खरं तर जामिनाचा अर्ज बहुतेक तिथून पुढंच चालतो.

निकाल लागेपर्यंत तो न्यायाधीन बंदी, लोकांच्या भाषेत कच्चा कैदी. तो गुन्हेगार ठरलेला नसतो. हे नातेवाइकांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, स्वतःला मात्र रोज सांगा.

वकील, आणि आमची एक एकर

अटक झाल्याच्या तिसऱ्या दिवशी पाव्हण्यातला एकजण म्हणाला, मोठा वकील लावा, आठ दिवसांत बाहेर काढतो. मी आणि ह्यांनी रस्त्याकडची एक एकर घाईत विकली, भाव पडून. वकिलानं एकरकमी पैसे घेतले, तीन तारखांना स्वतः आलाच नाही. पावती नव्हती, मग विचारणार कशाच्या जोरावर? आठ दिवसांत सोडवण्याची हमी कोणताही प्रामाणिक वकील देत नाही. जामीन देणं न्यायाधीशांच्या हातात असतं.

तेव्हा मला माहीत नव्हतं की कोठडीत असलेल्या कोणालाही सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात हे स्पष्ट आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला तालुका समिती असते. फोन करायचा तर १५१०० हा क्रमांक आहे. आत असलेला माणूस तुरुंगातूनही वकिलासाठी अर्ज करू शकतो. "फुकटचा वकील काय कामाचा" असं लोक म्हणतात. पुढं आम्हाला मिळालेल्या वकीलबाई प्रत्येक तारखेला हजर असायच्या. प्रत्येक ठिकाणी तसंच असेल असं नाही, पण जमीन विकायच्या आधी त्या कार्यालयाची पायरी चढा.

खासगी वकील लावायचाच असेल तर फी किती, कशाकशाची, टप्प्याटप्प्यानं कशी, हे कागदावर घ्या. वकीलपत्रावर सही मुलाची असते, कारण अशील तो आहे. त्यामुळं काही गोष्टी वकील तुम्हाला सांगणार नाहीत. राग मानू नका. आणि "साहेबांना द्यायचेत" म्हणून मध्ये कुणी हात पसरला तर तिथून उठून या.

तारखा स्वतः बघायला शिका. प्रत्येक केसला १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर असतो. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. मला हे आमच्या लेकीनं शिकवलं. त्यानंतर "काय झालं हो?" म्हणत कोर्टाबाहेर उभं राहणं थांबलं.

जामिनाची दारं

दोषारोपपत्राची, म्हणजे चार्जशीटची, मुदत लक्षात ठेवा. १० वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा, जन्मठेप किंवा फाशी असलेल्या गुन्ह्यात ९० दिवस, इतर गुन्ह्यांत ६० दिवस. तेवढ्यात पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. पण तो मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र येण्याआधी मागावा लागतो. संघटित गुन्हेगारीचा मकोका, अमली पदार्थांचा एनडीपीएस अशा विशेष कायद्यांत मुदत वेगळी असते. पहिल्या कोठडीची तारीख वहीत लिहा, दिवस मोजा आणि वकिलांना आठवण द्या.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे. याआधी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा न झालेल्यानं जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, आणि इतरांनी निम्मा, तर त्यांना सोडण्याचा विचार करावा लागतो. कोर्टाला कळवण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांची आहे. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा गुन्ह्याला हे लागू नाही, आणि एकाहून जास्त केस चालू असतील तरी अडतं. आमच्या मुलाच्या कलमात जन्मठेप येत होती, म्हणून हे दार आम्हाला बंद होतं. तुम्हाला उघडं असेल तर नक्की विचारा.

जामीन मंजूर झाला आणि माणूस आतच, असं फार होतं, कारण जामीनदार मिळत नाही. सातबारा, आठ-अ, तहसीलचा ऐपतीचा दाखला हे गोळा करायला वेळ लागतो. अर्ज टाकला त्याच आठवड्यात कागद जमवायला लागा. आमचे सख्खे पाव्हणे मागं सरले आणि ह्यांच्याबरोबर एकेकाळी ऊसतोडीला गेलेला माणूस सातबारा घेऊन उभा राहिला. त्याला आम्ही आधीच स्पष्ट सांगितलं होतं की मुलगा तारखेला हजर राहिला नाही तर तुम्हाला भरावं लागेल. हे लपवून कुणाला जामीनदार करू नका.

जामीनदार मिळतच नसेल तर वकिलांना अट शिथिल करण्याचा अर्ज द्यायला सांगा. सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय की जामीन होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिन्याभरात बंधपत्र दिलं गेलं नाही तर कोर्ट आपण होऊन अट बदलण्याचा विचार करू शकतं. जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजनाही आहे. तिची चौकशी त्याच प्राधिकरणात करा.

आता एक अवघड गोष्ट. सगळ्याच आईबापांनी जामिनासाठी धावलं पाहिजे असं मला वाटत नाही. पोरगा दारूसाठी तुम्हाला मारत असेल, घरातलं विकत असेल, सुनेच्या अंगावर जात असेल, तर तो आत आहे तोवर घरातली माणसं झोपतायत हे खरं आहे, आणि ते मान्य करण्यात पाप नाही. त्याला वकील मिळेल एवढं बघा आणि जामीनदार होऊ नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आईला मुलाविरुद्धही संरक्षण मागता येतं. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी २००७ चा कायदा आहे, त्याचं न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्यांकडं असतं. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

मुलाखत

आमच्या गावाहून बीड म्हणजे केज, मांजरसुंबा करत अर्धा दिवस. बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना फुकट. आधार कार्ड पिशवीत ठेवाच. पहिल्यांदा मी ते विसरले आणि दारातून परत आले. त्या दिवशीची परतीची एसटी मला अजून आठवते.

निघण्याआधी तुरुंगाच्या कार्यालयाकडून मुलाखतीचा, म्हणजे भेटीचा, वार, वेळ आणि नोंदणीची पद्धत विचारून घ्या. ई-मुलाकात या सरकारी संकेतस्थळावर भेटीची नोंदणी होते, व्हिडिओवरच्या भेटीसाठीही अर्ज करता येतो. आणि आदल्या दिवशी तो त्याच तुरुंगात आहे ना याची खात्री करा. जिल्हा कारागृहात गर्दी झाली की कैद्यांना छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल कारागृहात किंवा आणखी लांब हलवतात. आमच्या डोळ्यांसमोर परभणीहून आलेलं एक म्हातारं जोडपं तसंच माघारी फिरलं.

घरची भाकरी नेऊ नका, आत जात नाही आणि दारात टाकून देताना जीव तुटतो. कपडे, चप्पल, चष्मा यातलं काय चालतं ते दारावरच्या शिपायाला नीट विचारा. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह तुरुंगातल्या डॉक्टरांमार्फतच. तो तंबाखूची पुडी मागेल, शपथ घालेल. देऊ नका. चोरून काहीही आत देणं हा कायद्यानं गुन्हा आहे, मग तुम्हीही आरोपी. कोर्टात आणलेल्या मुलाच्या खिशात गुपचूप काही सरकवणंही त्यातच आलं.

भेटीत काय बोलायचं? पहिल्या भेटीत मी पूर्णवेळ रडले आणि तो काचेपलीकडून "माय, रडू नको" एवढंच म्हणत राहिला. सगळी मुलाखत त्यात गेली. नंतर मी ठरवून जायची. आधी तब्येत: जेवतोस का, झोप लागते का, कुणी त्रास देतं का. मग घरचं एक: सोयाबीनला शेंगा धरल्या, म्हैस व्यायली, ताईचा फोन आला होता. मग त्याचं एक: मागच्या भेटीत वाचनालयात नाव घालतो म्हणालास, घातलंस का? काचेपलीकडच्याशी ज्या फोनवरून बोलायचं असतं, त्यावर केसबद्दल बोलू नका, कोण होतं, काय घडलं, काही नाही. ते फक्त वकिलाशी.

तो चिडेल, तुमच्यामुळं मी इथं आलो म्हणेल. माझाही म्हणाला, "तुम्ही लाडानं बिघडवलं." त्या रात्री मी जेवले नाही. लाड केले होते, खोटं कशाला बोलू? पुढच्या भेटीत मी सांगितलं, "लाड मी केले. गज तू उचललास." तो गप्प बसला. नंतरच्या एका भेटीत त्यानं पहिल्यांदा विचारलं की त्या पोराचं डोकं दुखतं का अजून.

पण तो एकदम शांत झाला, जगून काय करू म्हणाला, भेट नको म्हणायला लागला, तर ते हलक्यात घेऊ नका. त्याच दिवशी अधीक्षकांना आणि तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी द्या, पोच घ्या, वकिलांकरवी कोर्टाच्या कानावर घाला. कैद्याला मानसिक उपचार मिळणं हा त्याचा हक्क आहे.

भेटीला जाणं जमत नसेल तर पत्र लिहा. तुरुंगात पत्र उघडून वाचतात, तेवढं ध्यानात ठेवा. ह्यांना काचेसमोर उभं राहणं झेपायचं नाही, ते आलेच नाहीत. पण पाऊस किती झाला, कोणत्या बांधावर काय पेरलं, अशी चार ओळींची पत्रं त्यांनी लिहिली. मुलानं ती सगळी जपून आणलीत.

पैसे किती द्यायचे

महिन्याला एक आकडा ठरवा आणि त्यावर जाऊ नका. आम्ही मनीऑर्डर करायचो. ते पैसे आत त्याच्या खात्यावर जमा होतात आणि साबण, बिस्किटं असलं तो कॅन्टीनमधून घेतो. त्याहून जास्त मागायला लागला तर आत कुणी वसुली करतंय का, उधारी झालीय का, हे विचारा, आणि तसं असेल तर अधीक्षकांना कळवा. बाहेरच्या एखाद्या अनोळखी नंबरवर पैसे टाका असा निरोप आला तर टाकू नका.

औषधाचे पैसे, लेकीच्या लग्नाचे आणि पेरणीचे पैसे त्याच्या केसमध्ये घालू नका. आमची लेक एकदा म्हणाली, "आई, दादा तुरुंगात गेल्यापासून तू मला एकदाही जेवलीस का विचारलं नाहीस." ते खरं होतं.

गाव आणि घर

पुण्याच्या कंपनीची थाप दोन महिने टिकली. मग वर्तमानपत्रातलं कात्रणच कुणीतरी दाखवलं. त्यानंतर मी एकच वाक्य पाठ केलं: "तो तुरुंगात आहे, केस चालू आहे, जास्त बोलत नाही." हे म्हटलं की विचारणाराच गडबडतो. लेकीच्या सोयरिकीतही आधीच सांगितलं. एक स्थळ गेलं, दुसरं आलं.

घरात नातवंडं असतील तर बाप परदेशी गेला असं सांगू नका. शाळेत कुणीतरी बोलतंच. वयाला पेलेल एवढं खरं सांगा आणि "यात तुझं काही चुकलं नाही" हे पुन्हा पुन्हा सांगा. तुरुंगात असलेल्यांच्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेत मदत मिळू शकते, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्जाची चौकशी करा.

तुमची बीपीची गोळी चुकते आहे का? माझी चुकली होती, मी नर्सबाई असूनही. रात्री छाती भरून यायची, तेव्हा टेली-मानसच्या १४४१६ वर फोन केला. फोन फुकट आहे, मराठीत बोलतात. पलीकडच्या मुलीनं अर्धा तास ऐकलं. गावात एवढं कुणी ऐकलं नव्हतं.

ज्याला लागलं त्याचं घर

त्यांच्याकडं तडजोडीला जाऊ नका. गंभीर गुन्हे आपसात मिटत नाहीत, आणि तुमचं जाणं दबाव समजलं गेलं तर मुलाचा जामीन रद्द होऊ शकतो. साक्षीदारांशी केसवर बोलायचंच नाही. पाव्हणे उत्साहानं "आम्ही बघतो" म्हणतील, त्यांना हात जोडून थांबवा.

मी बचत गट सोडला, तिला दर महिन्याला माझ्यासमोर बसावं लागू नये म्हणून. एकदा हापशावर ती समोर आली. मी घागर बाजूला घेतली आणि तिला आधी भरू दिलं. याहून जास्त काही बोलायचा मला अधिकार नव्हता.

सुटायच्या आधी

आमच्या मुलाला चौदा महिन्यांनी जामीन झाला. अट अशी की खटला संपेपर्यंत अंबाजोगाई तालुक्यात यायचं नाही आणि दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी. जामिनाचा आदेश नीट वाचून घ्या, नाहीतर आनंदात घरी आणाल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अटक. आम्ही त्याची सोय लातूरला माझ्या भावाकडं केली, हजेरीही तिथल्याच ठाण्यात मागून घेतली.

घरात घेण्याच्या अटी शेवटच्या दोन भेटींत सांगितल्या, बाहेर आल्यावर नाही. पिऊन आलास तर मामाच्या घरात झोपायचं नाही. पहिल्या आठवड्यात मानसोपचार विभागात जायचं, सरकारी दवाखान्यात. तारखेला स्वतः जायचं, आई उठवायला येणार नाही. चार महिन्यांनी तो एकदा प्यायला. भावानं ती रात्र त्याला दार उघडलं नाही आणि सकाळी स्वतः दवाखान्यात नेलं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉनच्या बैठकाही असतात, माझा भाऊ आणि भावजय तिथं जातात.

सुटकेच्या दिवशीचं एवढंच लक्षात ठेवा. कोर्टाचा आदेश तुरुंगात पोचून कागद होईपर्यंत बहुतेक संध्याकाळ होते. दारात जुने मित्र गाडी घेऊन उभे असतात, म्हणून आधी तुम्ही उभं राहा. एक जोड कपडे, त्याचं आधार कार्ड आणि पाण्याची बाटली बरोबर असू द्या. शेवटची एसटी निघून गेलेली असेल, तेव्हा मुक्कामाची सोय किंवा गाडी आधीच सांगून ठेवा.